कबड्डीत दुखावलेला गुडघा : आतल्या बाजूच्या लिगामेंटविषयी एका आईला उत्तर

डॉक्टरांना सादर नमस्कार. माझी मुलगी २० वर्षांची असून महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळते. ती चढाईपटू आहे. १६ दिवसांपूर्वी मॅटवरच्या सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडे परतताना तिचा उजवा पाय रोवलेला होता आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी संघातील कोपरारक्षक बाहेरच्या बाजूने तिच्या गुडघ्यावर पडली. ती लंगडत, पण स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आली. सूज दुसऱ्या दिवशी आली, तीही आतल्या बाजूलाच. पहिल्या तीन दिवसांत नातेवाइकांच्या आग्रहाने एका हाडवैद्याकडून तेल लावून मालिश करून घेतली आणि त्यानंतर शहरात नेऊन एमआरआय काढला. अहवालात ‘एमसीएलची मांडीच्या हाडाकडील बाजूस अर्धवट फाटणूक, दुसरी श्रेणी’, ‘बाहेरच्या बाजूच्या हाडाला मुका मार’, ‘आतल्या गादीत दुसऱ्या श्रेणीचा बदल’ आणि ‘एसीएल शाबूत’ असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी प्लॅस्टरचा स्लॅब घातला, दुसऱ्यांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले, तर तिसऱ्यांनी स्वतःच्याच रक्तातून तयार केलेले पीआरपीचे इंजेक्शन सुचवले. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे आहे की टेप बांधून ती पाच आठवड्यांनी होणाऱ्या स्पर्धेत उतरू शकेल. आम्ही काय करावे? शिवाय पुढच्या महिन्यात तिच्या भावाचे लग्न आहे. तिला करवली म्हणून मिरवता येईल का, हेही ती विचारते आहे.
— एक आई, कराड तालुका

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात तीन डॉक्टर, एक हाडवैद्य आणि एक प्रशिक्षक अशा पाच जणांची मते आहेत, परंतु त्यांपैकी कोणी तिचा गुडघा हातात धरून तपासल्याचा उल्लेख मला कोठेही आढळला नाही. तपासणी झाली असेल आणि आपण ती लिहायची राहून गेली असेल, तर उत्तमच आहे. झाली नसेल, तर शस्त्रक्रिया, स्लॅब किंवा इंजेक्शन यांपैकी कशाचाही निर्णय घेण्यापूर्वी ती करून घ्यावी, कारण आपल्या सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच मुद्द्यावर अवलंबून आहेत : दुखावलेले आहे ते केवळ आतल्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडे बांधून ठेवणारा बंध, की त्याच्यासोबत आणखी काही? लिगामेंट एकटेच दुखावले असेल, तर ते बहुधा आपण होऊन भरून येते. सोबत दुसरे काही तुटले असेल, तर मात्र उपचारांची सारी दिशाच बदलते.

एमसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूचा चपटा, रुंद बंध. मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यापासून तो निघतो आणि नडगीच्या हाडावर, सांध्याच्या फटीच्या सुमारे ६ सेंटिमीटर खाली जाऊन चिकटतो. त्याची लांबी साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धी वीत असते. या वरच्या थराखाली एक आखूड, खोल थर असतो आणि तो आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, जोडलेला असतो. मागच्या बाजूला आणखी एक तिरका बंध सांध्याच्या वेष्टनाला बळकटी देतो. नडगी बाहेरच्या दिशेला ढकलली गेली असता गुडघा आतल्या बाजूने उघडू न देणे, हे या सर्वांचे मुख्य काम आहे. पाय मॅटवर घट्ट रोवलेला असताना बाहेरून धडक बसली की नेमका तोच ताण येतो. त्यामुळे आपण वर्णन केलेला प्रसंग या दुखापतीशी तंतोतंत जुळतो. मातीच्या मैदानावर पाय थोडा तरी घसरतो आणि काही ताण वाया जातो, तर मॅटवर रबरी तळव्याचा बूट पाय जागचा हलू देत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

आता तपासणीविषयी सविस्तर लिहितो, म्हणजे ती नीट झाली की नाही हे आपल्यालाही ओळखता येईल. मुलीला पाठीवर झोपवून डॉक्टर आधी तिचा चांगला गुडघा तपासतील, कारण काही मुलींचे सांधे जन्मतःच सैल असतात आणि तुलनेसाठी तिचा स्वतःचाच दुसरा गुडघा हवा. त्यानंतर दुखावलेला गुडघा सुमारे ३० अंशांत वाकवून, एक हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस ठेवून, दुसऱ्या हाताने घोटा हळूच बाहेरच्या दिशेला नेला जातो. सांध्याची आतली फट किती उघडते आणि उघडताना शेवटी ती कशी अडते, या दोन गोष्टी तेथे पाहायच्या असतात. दुखते, पण फट दुसऱ्या गुडघ्यापेक्षा फारशी उघडत नाही, ही पहिली श्रेणी. फट ५ ते १० मिलिमीटर जास्त उघडते, परंतु ताणलेला दोर अडावा तशी शेवटी ठामपणे थांबते, ही दुसरी. १० मिलिमीटरहून अधिक उघडते आणि थांबा लागतच नाही, ही तिसरी, म्हणजे पूर्ण तुटलेली. विशेष म्हणजे तिसऱ्या श्रेणीत कधी कधी दुसऱ्या श्रेणीपेक्षा वेदना कमी असतात, कारण ताणायला धागेच उरलेले नसतात. म्हणून ‘फार दुखत नाही, म्हणजे फार लागलेले नाही’ हा हिशेब या जागी चुकतो.

हीच चाचणी पुन्हा गुडघा पूर्ण सरळ ठेवून करावी लागते, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीतील सर्वांत महत्त्वाचे मिनिट हेच आहे. गुडघा सुमारे २५ अंश वाकलेला असताना आतल्या बाजूच्या प्रतिकाराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भार एमसीएल एकटे उचलते, तर जवळजवळ सरळ स्थितीत हा वाटा निम्म्याहून थोडाच अधिक उरतो, कारण तेथे मागचे वेष्टन आणि सांध्याच्या आतील क्रूसबंध, म्हणजे एसीएल आणि पीसीएल, मदतीला येतात. साहजिकच वाकलेल्या गुडघ्यात फट उघडते पण सरळ गुडघ्यात उघडत नाही, तेव्हा एमसीएल एकटेच दुखावले असावे, असे धरता येते. सरळ ठेवलेल्या गुडघ्यातही फट उघडत असेल, तर मागचा तिरका बंध किंवा क्रूसबंध यांनाही इजा झाल्याचा दाट संशय घ्यावा लागतो, मग एमआरआयच्या कागदावर काहीही लिहिलेले असो.

क्रूसबंधासाठी स्वतंत्र चाचणी आहे. गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात, आणि ती ताज्या दुखापतीत फसवी ठरू शकते. मी निवासी डॉक्टर असताना एका तरुण मल्लाचा गुडघा दुसऱ्याच दिवशी तपासून ‘आतल्या बाजूचे लिगामेंट ताणले आहे, बाकी ठीक आहे’ असे निर्धास्तपणे लिहून दिले होते. दुखऱ्या गुडघ्याभोवती त्याच्या मांडीचे स्नायू इतके आवळलेले होते की एसीएल तुटल्याचे माझ्या हाताला कळलेच नाही. सहा आठवड्यांनी आखाड्यात त्याचा गुडघा लचकला आणि गादीही फाटली. तेव्हापासून पहिली तपासणी अपुरी मानून आठ-दहा दिवसांनी, सूज आणि स्नायूंचा ताठरपणा उतरल्यावर, दुसरी तपासणी करण्याचा शिरस्ता मी मोडलेला नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत १६ दिवस होऊन गेले आहेत, त्यामुळे ही तपासणी करण्यास सध्याचा काळ अगदी योग्य आहे.

आपण लिहिलेल्या हकिगतीतील काही गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि ती आतल्या बाजूपुरती होती. दुखापतीनंतर दोन-चार तासांतच अख्खा गुडघा फुग्यासारखा तटतटला असता, तर सांध्यात रक्त साठल्याचे मानून एसीएल तुटणे, हाडाला चीर जाणे किंवा वाटी निसटून परत बसणे या शक्यता आधी तपासाव्या लागल्या असत्या. वाटीचे तर आवर्जून सांगतो. ती बाहेरच्या बाजूला निसटते, पण दुखते आतल्या बाजूला, आणि त्यामुळे अनेकदा एमसीएल समजून भलतेच उपचार होतात. मुलगी चार पावले चालू शकली, हीसुद्धा चांगली खूण आहे. पाय टेकवून चार पावलेही टाकता न येणे, गुडघा काटकोनात वाकवता न येणे किंवा वाटीवर अथवा गुडघ्याच्या बाहेरील बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यास दुखणे, यांपैकी काहीही असेल, तर साधा एक्स-रे आधी काढावा, असा नियम आहे. एमआरआय झाला म्हणून एक्स-रेची गरज संपली, असे समजू नये, कारण हाडाचा बारीक टवका निघालेला असेल तर तो एक्स-रेवर अधिक स्पष्ट दिसू शकतो. ज्यांची मुले १३-१४ वर्षांची आहेत त्यांच्यासाठी येथेच एक सूचना : त्या वयात लिगामेंट हाडाच्या वाढीच्या कूर्चेपेक्षा मजबूत असते, त्यामुळे अशाच धडकेने मांडीच्या हाडाची वाढीची पट्टी सरकू शकते आणि लक्षणे हुबेहूब एमसीएलसारखी दिसतात. आपली मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे.

अहवालातील शब्दांनी आपण घाबरून गेला आहात, असे पत्रावरून जाणवते, म्हणून त्यांचा अर्थ सांगतो. ‘अर्धवट फाटणूक’ म्हणजे काही धागे तुटले आहेत आणि बाकीचे जोडलेले आहेत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला बसलेला मुका मार हा दुसरा आजार नसून त्याच धडकेची दुसरी खूण आहे. आतली बाजू उघडली गेली, त्याच क्षणी बाहेरच्या बाजूची हाडे एकमेकांवर आदळली. ही दुखरी जागा लिगामेंटपेक्षाही जास्त दिवस कुरकुर करू शकते, त्यामुळे दोन महिन्यांनी बाहेरच्या बाजूला दुखू लागले, तर नवे काही झाले असे समजून घाबरू नये. गादीतील ‘दुसऱ्या श्रेणीचा बदल’ मात्र नीट समजून घ्यावा. एमआरआयच्या भाषेत गादीची फाटणूक तिसऱ्या श्रेणीत येते, कारण तेथे बदलाची रेषा गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली असते. दुसऱ्या श्रेणीत ती आतच राहते, आणि अशा रेषेवर शस्त्रक्रिया करत नाहीत. एकाच अहवालात लिगामेंटची दुसरी श्रेणी आणि गादीची दुसरी श्रेणी असे दोन वेगळे मोजमाप एकाच आकड्याने लिहिले जाते, यात रुग्णाची काहीच चूक नाही. तरीही गुडघा मध्येच अडकत असेल आणि काही केल्या सरळ होत नसेल, तर गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकल्याची शंका घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

आता शस्त्रक्रियेबद्दल. एसीएल सांध्याच्या पोकळीत, वंगणासारख्या द्रवात असते. ते तुटले की रक्ताची गुठळी टिकत नाही आणि दोन टोके सहसा एकमेकांना नीट जोडली जात नाहीत. एमसीएल सांध्याबाहेर, भरपूर रक्तपुरवठा असलेल्या ऊतींच्या सान्निध्यात असते, त्यामुळे तेथे गुठळी धरते, तिच्यावर नवे धागे विणले जातात आणि पुढे ताणाच्या दिशेने त्यांची मांडणी होते. एके काळी पूर्ण तुटलेले एमसीएल सर्रास शिवले जात असे. १९८३ साली अमेरिकन शल्यचिकित्सक पीटर इंडेलिकाटो यांनी पूर्ण तुटलेल्या, पण एकट्याच दुखावलेल्या एमसीएलवर शस्त्रक्रियेविना केलेल्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड होते, आणि त्यानंतर हळूहळू जगभरातील पद्धत बदलत गेली. तिसऱ्या श्रेणीतही आज पहिली निवड बहुधा ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बाहेरून बांधायचा आधार, आणि व्यायाम हीच असते. मग दुसऱ्या श्रेणीसाठी, सरळ ठेवलेला गुडघा घट्ट असताना, शस्त्रक्रिया कशासाठी, हा प्रश्न आपण त्या डॉक्टरांना अवश्य विचारावा. ‘दुर्बिणीतून’ हा शब्दही विचारण्याजोगा आहे, कारण दुर्बीण सांध्याच्या आत जाते आणि एमसीएल सांध्याच्या बाहेर असते. दुर्बिणीतून नेमके काय दुरुस्त करायचे आहे, हे विचारल्यावर त्यांच्या मनात गादीविषयी किंवा एसीएलविषयी काही शंका असल्याचे कळू शकेल, आणि ती शंका रास्तही असू शकेल. प्रश्न विचारल्याचा राग कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना येणार नाही.

शस्त्रक्रिया खरोखर लागते अशी परिस्थिती थोडक्यात सांगतो. लिगामेंट हाडाच्या तुकड्यासह उखडले गेले आहे, नडगीकडील टोक तुटून तेथील स्नायूंच्या कंडरांच्या वर जाऊन अडकले आहे आणि त्यामुळे मूळ जागी चिकटू शकत नाही, तुटलेला भाग सांध्याच्या फटीत घुसला आहे, क्रूसबंधासह अनेक बंध तुटले आहेत, किंवा योग्य उपचार होऊनही काही महिन्यांनी गुडघा आतल्या बाजूला झुकतच राहतो आहे. अहवालाप्रमाणे आपल्या मुलीची इजा मांडीच्या हाडाकडील बाजूस आहे. त्या बाजूच्या इजा चांगल्या भरून येतात, परंतु त्यांच्यात गुडघा आखडण्याचा कल अधिक असतो. नडगीकडील इजांमध्ये उलट ढिलाई राहून जाण्याचा धोका असतो.

यामुळेच सहा आठवड्यांचा स्लॅब मला या मुलीसाठी अयोग्य वाटतो. आखडण्याचा कल असलेल्या गुडघ्याला आपण आणखी आखडवत आहोत. हालचाल थांबली की नव्या धाग्यांची मांडणी विस्कळीत होते, लिगामेंट जेथे हाडाला चिकटते ती जागा दुबळी होते आणि मांडीचा पुढचा स्नायू तर दोन आठवड्यांतच डोळ्यांना दिसेल इतका उतरतो. तिच्या दोन्ही मांड्यांचा घेर वाटीच्या वर एक वीत अंतरावर मोजपट्टीने मोजून पाहावा, म्हणजे माझे म्हणणे आकड्यांत दिसेल. पहिल्या काही दिवसांत वेदना फार असताना स्लॅबने आराम मिळाला असेल, ते ठीकच आहे. परंतु आता तपासणी करून, सरळ गुडघा घट्ट असल्याची खात्री पटली की, आपल्या डॉक्टरांच्या संमतीने स्लॅब काढून त्याऐवजी बिजागरीचा ब्रेस घ्यावा. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि मध्ये बिजागर असलेला हा ब्रेस गुडघा वाकू देतो, पण बाजूला झुकू देत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी कापडी नी कॅप हे काम करत नाही, तिच्यामुळे केवळ ऊब आणि धीर मिळतो. बिजागर वाटीच्या मध्याच्या पातळीवर असावे. मांडी बारीक झाल्यामुळे ब्रेस चालताना खाली घसरतो, म्हणून तो दिवसातून दोन-तीन वेळा पुन्हा नीट बसवावा लागेल. दुखापतीच्या दिवसापासून साधारण चार ते सहा आठवडे तो वापरावा.

स्लॅब असेपर्यंत एका धोक्याकडे लक्ष असू द्या. पोटरी एकाएकी सुजली, दाबल्यावर दुखू लागली, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर पायातील शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. तरुण वयात हे क्वचित घडते, परंतु घडले तर सकाळपर्यंत थांबण्याची ही बाब नाही. पाय गार पडणे किंवा पावलाची संवेदना जाणे याबाबतही तेच.

व्यायामाची सुरुवात गुडघा पूर्ण सरळ करण्यापासून करावी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू पाच-सहा सेकंद आवळून धरणे, टाच अंथरुणावरून नितंबाकडे सरकवत दुखेल तेथपर्यंतच गुडघा वाकवणे, आणि सरळ पाय उचलणे, एवढे तीन प्रकार दिवसातून तीन-चार वेळा केले तरी पहिल्या आठवड्याला पुरेसे आहेत. चालताना लंगडणे थांबेपर्यंत कुबडी सोडू नये. एकच कुबडी असेल तर ती चांगल्या बाजूच्या, म्हणजे डाव्या, हातात धरावी, हे अनेकांना उलटे वाटते. गुडघा १०० अंशांच्या पुढे वाकू लागला की जागेवरची सायकल उत्तम, आणि त्यानंतर अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल सांभाळणे असे वाढवत जावे. कुशीवर झोपून पायाला वजन बांधून तो आत ओढण्याचा व्यायाम आणि बेडकासारखे पाय मारून पोहणे हे दोन्ही प्रकार या काळात टाळावेत, कारण ते नेमके त्याच बंधावर ताण आणतात. रात्री कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. या साध्या उशीने अनेकांची झोप परत आली आहे. कराडमध्ये फिजिओथेरपिस्ट सहज मिळतील. निदान पहिले काही व्यायाम तरी त्यांच्या समोर शिकून घ्यावेत, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओला आपली मुलगी गुडघा आत झुकवून बैठक मारते आहे की नाही, हे दिसत नाही.

हाडवैद्याकडे गेल्याबद्दल आपण स्वतःला दोष देत आहात, तो देऊ नये. आपल्याकडे मुरगळले की पहिले पाऊल तिकडे पडते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आणि हाताच्या स्पर्शाने त्यांना बरेच काही कळते, हेही मी नाकारत नाही. आक्षेप एवढाच आहे की पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराने चोळल्यास तुटलेल्या धाग्यांतील रक्तस्राव आणि सूज वाढते. त्या काळात कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दिवसातून काही वेळा लावणे आणि दाबपट्टी बांधणे पुरेसे होते. पुढेही दुखऱ्या जागेवर जोराची मालिश करून घेऊ नये. त्या जागी, मांडीच्या हाडाच्या कडेला, काही महिन्यांनी कॅल्शियमचा थर जमलेला एक्स-रेवर दिसतो. तो मालिश न केलेल्यांमध्येही आढळतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, म्हणून पुढे कधी असा एक्स-रे हाती आला तर ‘हाड वाढले’ या शब्दाने हवालदिल होऊ नये.

इंजेक्शनबाबत माझे मत स्पष्ट आहे. पीआरपी दिल्याने अशा प्रकारचे एमसीएल लवकर किंवा अधिक चांगले भरून येते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आज नाही, आणि जे लिगामेंट तसेही भरून येणार आहे त्यासाठी तो खर्च करावा, असे मी सुचवणार नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन ताज्या लिगामेंटमध्ये मुळीच घेऊ नये. त्याने वेदना थांबते आणि त्याचबरोबर भरून येण्याची प्रक्रियाही मंदावते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालेल. सूज उतरवणाऱ्या तीव्र वेदनाशामक गोळ्या घ्यायच्याच असतील, तर डॉक्टरांना विचारून मोजके दिवस, उपाशीपोटी नव्हे, आणि मुलीला पित्ताचा, अल्सरचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसल्याची खात्री करूनच घ्याव्यात.

राहिला स्पर्धेचा प्रश्न. एकट्या एमसीएलची पहिल्या श्रेणीची दुखापत असल्यास खेळाडू एक ते तीन आठवड्यांत, दुसऱ्या श्रेणीत चार ते सहा आठवड्यांत किंवा थोडे अधिक लागून, आणि तिसऱ्या श्रेणीत दोन-तीन महिन्यांनी परततो, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. आपली स्पर्धा दुखापतीनंतर सुमारे सातव्या आठवड्यात येते, म्हणून कागदावर ती शक्य दिसते. परंतु त्यांपैकी दोन आठवडे स्लॅबमध्ये गेले आहेत, आणि चढाईपटूला धावत येऊन एका पायावर थांबणे, वळणे आणि समोरच्या तिघींच्या पकडीतून पाय ओढून काढणे हे सर्व करावे लागते. २०१६ च्या १० जुलै रोजी युरो चषकाच्या अंतिम सामन्यात धडक बसून फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डो २५ व्या मिनिटालाच मैदानाबाहेर गेला होता. त्याच्या तेव्हाच्या क्लबने, रियाल माद्रिदने, जाहीर केलेले निदान याच बंधाच्या पहिल्या श्रेणीच्या दुखापतीचे होते. जगातील उत्तमोत्तम वैद्यकीय पथक दिमतीला असूनही तो सप्टेंबरमध्येच सामना खेळला. मुलीला हे जरूर सांगावे, ती आईपेक्षा त्याचे उदाहरण अधिक मनावर घेण्याची शक्यता आहे.

प्रशिक्षकांना माझ्या वतीने इतकेच सांगावे की तारीख पाहून निर्णय करू नका, गुडघा पाहून करा. आतल्या बाजूला दाबल्यावर दुखू नये. वाकवून केलेल्या त्या चाचणीत फट घट्ट असावी आणि वेदना नसावी. गुडघा दुसऱ्या गुडघ्याइतकाच सरळ व्हावा आणि तितकाच वाकावा. एका पायावर उडी मारली असता उजव्या पायाने डाव्या पायाच्या किमान ९० टक्के अंतर गाठावे. मग सरळ रेषेत धावणे, त्यानंतर मोठ्या वळणावर, पुढे आखूड वळणावर, नंतर कोणी न पकडता चढाई, आणि शेवटी पूर्ण पकडीचा सराव, अशा पायऱ्या चढाव्यात. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सूज आली, तर एक पायरी मागे यावे. हे सर्व पाच आठवड्यांत पार पडले, तर तिने खुशाल खेळावे, आणि त्या वेळी आधारासाठी टेप किंवा ब्रेसही लावावा. कबड्डीत ब्रेसमधील धातूच्या पट्ट्यांनी इतरांना इजा होऊ शकते, म्हणून पंचांना आधी विचारून घ्यावे. पाय रोवता येत नसताना टेपच्या भरवशावर तिला मैदानात उतरवणे मात्र मला मान्य नाही. ढिल्या एमसीएलवर दुसरी धडक बसली, तर तेव्हा एसीएलचा बळी जाऊ शकतो, आणि ते नऊ-दहा महिन्यांचे, शस्त्रक्रियेचे प्रकरण असते.

लग्नाचे म्हणाल, तर करवली म्हणून तिने अवश्य मिरवावे. तोवर ती कुबडीशिवाय चालत असेल, असा माझा अंदाज आहे. ब्रेस नऊवारीखाली सहज झाकला जातो, फक्त काष्टा घालताना तो खाली सरकणार नाही हे पाहावे. उंच टाचांच्या चपला नकोत. पाटावर मांडी घालून बसायला लावू नये, कोणी वडीलधारे रागावले तर डॉक्टरांचे नाव पुढे करावे आणि तिच्यासाठी मंडपात एक खुर्ची ठेवावी. वरातीत नाचायचे असेल, तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हातांनी.